शहाण्णव लाख नव्याण्णव हजार सहाशे नव्वद

आमचे आप्पा निपाणीजवळच्या एका मराठी शाळेत गणित शिकवायचे. त्यांची एक लाडकी संख्या होती: ९६,९९,६९०. घरी कुणी चहाला आलं, की कप खाली ठेवायच्या आत ती त्याच्या पुढ्यात यायची. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस, या पहिल्या आठ मूळ संख्यांचा तो गुणाकार. "आठ वेगवेगळ्या मूळ संख्या पोटात घेणारी ह्याच्यापेक्षा धाकटी संख्या न्हाय बघा," असं ते सांगायचे आणि पाहुणे दाराकडं बघायचे. निम्म्या नातेवाईकांनी आमच्याकडं यायचं सोडलं ते या संख्येपायीच, असं माझं प्रामाणिक मत आहे.

सात, अकरा आणि तेराने भाग जातो का, हे एका दमात बघायची त्यांची एक रीत होती. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि एकाआड एक वजा-अधिक करायचे. सहाशे नव्वदातून सहाशे नव्याण्णव वजा, अधिक नऊ. उत्तर शून्य, म्हणजे तिघांनीही भाग जातो. पण आपल्याकडं स्वल्पविराम पडतात ते आधी तीन अंकांवर, मग दोन-दोनांवर. पोरं नेमकी त्याच तुकड्यांची वजाबाकी करायची. मग आप्पांचा आवाज शेजारच्या वर्गापर्यंत जायचा, "आधी स्वल्पविराम पूस रं!"

गेल्या वर्षी त्यांचं विसरणं सुरू झालं. औषधानं फारसं काही होणार नाही, असं बेळगावच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. आईला ते पटलं नाही, मलाही नाही. मी नोकरीपायी हिंडलग्याला राहतो. रविवारी निपाणीला आलो, की आप्पांच्या हातात पाटी द्यायचो. माझं नाव त्यांना आठवायचं नाही, पण शून्य बरोबर यायचं. तेवढ्यावर मी आठवडा काढायचो.

मागच्या रविवारी त्यांनी संख्या लिहिली, स्वल्पविरामांसकट. ते पुसलेच नाहीत. सहाशे नव्वदातून नव्याण्णव वजा केले, शहाण्णव मिळवले. सहाशे सत्त्याऐंशी. वजाबाकी-बेरीज अगदी चोख होती.

"सातानं जात न्हाय," ते म्हणाले. "अकरानं न्हाय, तेरानंबी न्हाय." मग पाटी माझ्याकडं फिरवून त्यांनी विचारलं, "बरोबर हाय न्हवं, सर?"

"व्हय आप्पा," मी म्हणालो, "बरोबर हाय."

आई दारात उभी होती. तिला त्या आकड्यांतलं काही कळत नाही, ती नुसता त्यांचा चालता हात बघत होती. "बघितलंस? किती भराभरा केलं आज!" तिचा चेहरा किती दिवसांनी फुलला होता. "डॉक्टरांना सांग, सुधारायलेत म्हणून."

"सांगतो," मी म्हणालो. आप्पा चुकले हे कळणारं त्या घरात आता माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.