अकराचे टोल

आम्ही तिघांनी मिळून धड असं शेवटचं काय केलं, तर हुळा खाल्ला. उशिरा पेरलेला हरभरा होता. सांजंला अंगणात भाजला — मी, माझी कारभारीण आणि आमची पोरगी कौशी. तिघांची तोंडं काळी. कौशी म्हणाली, "दादा, तुमच्या मिशा आज तरण्या झाल्या!" हसलो. दुसऱ्या दिवशी तिचा मॅट्रिकचा पहिला पेपर होता. त्या हुळ्यापर्यंत मी बरा माणूस होतो — नाही, हेही खोटं. मनात सल आधीच होता. पुढचं आजवर माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. कारभारणीनंसुद्धा नाही. ती गेल्या महिन्यात गेली.

तेराव्याला कौशी भांडी आवरता आवरता म्हणाली, "आईनं जाताना माझा हात धरला, दादा. म्हणाली, तुझा पेपर माझ्यामुळं बुडला, पोटात घाल. मी कवाच सोडून दिलं होतं, आन ती अजून तेच धरून बसलेली."

आणि मी? मी तांब्या हातात घेऊन उभा. 

लोक म्हणतात, बाबा, रडा, मोकळं व्हा. रडू कशाला? मला राग येतोय. म्हणतात, साधा माणूस, बिचारा एकटा पडला. कसला साधा? साध्या माणसाला एवढं खोटं इतकी वर्षं पेलवतं का, राव?

मी चाकणला हायस्कुलात शिपाई होतो. चौथीपर्यंत शिकलेला. लिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला, त्यावर टोल द्यायचे. माझ्या टोलावर बाजारपेठेतली माणसं घड्याळं लावायची. एकदाही चुकलो नाही — एवढाच माझा तोरा, दुसरं होतं काय माझ्याकडं?

त्या साली अकरावीला बारा जण. अकरा पोरं आणि एक पोरगी, माझी. सगळ्यांना मी लहानाचं मोठं होताना पाहिलेलं. दत्तू भिंतीशीपण भांडणारा, गॅदरिंगला राजा तोच व्हायचा. सखाराम हुतुतूत एकटा चौघांना ओढत यायचा. एक मुका मुका गणपत होता, नकाशे असे काढायचा की हात लावावा वाटायचा. आणि कौशी — रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहायची. तिचं अक्षर बघायला मास्तर लोक थांबायचे. मला वाचायला वेळ लागायचा, पण मीही थांबायचो.

निरोपाच्या दिवशी हेडमास्तरांनी एकेकाला उभं केलं. पुढं काय होणार, सांगा. दत्तू वकील. सखाराम म्हणाला, पिंपरीला औषधाचा कारखाना निघालाय, तिथं पांढरे कपडे घालून जाणार, परत चिखलात पाय नाही. गणपत लाजून खाली बसला. मग कौशी उठली. "मी मास्तरीण होणार. आन आमच्या दादांना घरी बसवणार. लई टोल दिले त्यांनी."

मी पोह्यांचं ताट घेऊन दारात उभा होतो.

दत्तू ओरडला, "मग बाईंच्या शाळेत टोल कोण देणार?"

"दादाच की!" मागून कुणीतरी.

वर्ग हसला. हेडमास्तर हसले. मीही हसलो, आणि पोहे वाटले. कान नुसते पेटले होते. पोरीनं मायेनं म्हटलं होतं, ते मला कळत नव्हतं का? कळत होतं! चांगलं कळत होतं. पण जिनं माझं खाल्लं ती मला घरी बसवणार — मी कोण मग?

परीक्षा पुण्याला. पोरं हेडमास्तरांबरोबर आदल्या दिवशीच मुक्कामाला गेली. पोरीला पोरांत कोण ठेवणार? तिला रोज मी नेणार-आणणार होतो. आमच्या महाळुंग्याहून चाकणपर्यंत पायी, तिथून सकाळची मोटार. पेपराला पोचवील अशी तेवढी एकच. हुळा खाऊन झाल्यावर कारभारणीनं दशम्या बांधल्या. तिच्या अंगात कणकण होती. मी म्हणालो, "तू नीज. मी उठवतो दोघींना."

हे मी म्हणालो. माझ्या तोंडानं.

एक पेपर बुडाला की सगळंच गेलं. हेडमास्तर घरी आले, म्हणाले ऑक्टोबरला बसवा. मी वैशाखात लगीन लावून दिलं. सासरी अख्ख्या गावाची पत्रं कौशीनं लिहिली. दुसऱ्यांची. आमच्या हरभऱ्याच्या रानात आता कंपनीची शेड आहे, तिथं तिचा नातू कामाला जातो. मला आबा म्हणतो, पाया पडतो. पडू नको म्हणायची छाती नाही झाली.

तर ती सकाळ. डोळा लागला, असं गाव समजतं. डोळा लागलाच नव्हता. कोंबडं आरवलं, मी ऐकलं. शेजारचा गडी बैलं घेऊन गेला, मी ऐकलं. निघायची वेळ झाली, ती टळली, आणि मी घोंगडी डोक्यावर ओढून पडून राहिलो. उंबऱ्यावर ऊन आलं तेव्हा कारभारीण धडपडत उठली. तिनं काही विचारायच्या आत मीच तिच्यावर ओरडलो, "तुला उठवायला सांगितलं होतं ना?"

"मला?" ती बघत राहिली. "मला म्हणाला होता? ... म्हणाला असाल. तापात ध्यानच न्हाई राहिलं, अवो." आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायला लागली. मी तिचा हात धरला नाही. कौशी शाईची दौत हातात घेऊन भिंतीला टेकून बसलेली. रडली नाही. आईकडं एकदा बघितलं, बस.

मी तोंड धुतलं. तिच्यासाठी बांधलेल्या दशम्या सोडल्या आणि खाल्ल्या. चाकणला चालत गेलो. अकरा वाजता, तिकडं पुण्यात पेपर वाटायच्या वेळेला, लिंबाखाली उभा राहून टोल दिले. एकही चुकला नाही.