अंगणाचा फोटो

गेल्या वर्षी गणपतीच्या आरतीला मी माझ्या लेकीला माजघरात कोंडलं होतं. झांजा वाजल्या की ती स्वतःचाच हात चावायची, रक्त येईपर्यंत. सात वर्षांची पोर, ऑटिझम आहे, बोलत नाही. यंदा मुंबईचे दीर घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाले, हिला एखाद्या संस्थेत ठेवा. पुन्हा तसंच झालं असतं तर नाही म्हणायला मला तोंड उरलं नसतं.

खेडच्या विशेष शाळेतल्या बाईंनी वर्षभर तिला एकच गोष्ट शिकवली होती. सहन होईना की तिनं आमच्या अंगणाचा फोटो आमच्या हातात द्यायचा, मग आम्ही तिला बाहेर न्यायचं. "फोटो दिला की त्याच क्षणी," बाई बजावायच्या. "मागून मिळत नाही असं दिसलं तर ती चावणारच." हे मी घरात इतक्यांदा ऐकवलं होतं की मला बघून सासरे कानांवर हात ठेवायचे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आरती सुरू झाली. आमच्याकडे एक संपली की दुसरी, तासभर कोणी बसत नाही. तबक माझ्या हातात होतं, डोळे मात्र तिच्या हातांवर. चौथ्या आरतीला ती वाट काढत आली आणि तिनं फोटो माझ्या डाव्या हातात कोंबला. पेटलेलं तबक मध्येच सोडायचं नाही, ही घरची रीत. त्यात दीर टक लावून बघत होते.

"एकच मिनिट, बाळा," मी म्हणाले.

जगाला शहाणपण शिकवणारी मी. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग हात तोंडाकडे नेला आणि दात रोवले.

सासऱ्यांनी झांजा छातीशी दाबून गप्प केल्या. "फोटो दिलान ना तिनं? मग ने तिला."

"बाबा, आरती..."

"देव थांबेल. पोर नाय थांबायची." त्यांनी तबक माझ्या हातातून काढून घेतलं.

अंगणात आल्यावर मी तिचा हात चाचपला. दातांच्या खुणा होत्या, कातडी फुटली नव्हती. मला रडू आलं, स्वतःची चीडही आली. आत आरती मध्येच थांबवून दीरांसकट सगळे उभेच होते. ती किंचाळली की घर गप्प व्हायचं, ते मी कैक वर्षं पाहत आले होते. तिनं मागितलं म्हणून घर थांबलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.