मांडव्याचा खडीचा रस्ता आणि लान्स नाईक म्हात्रे

१९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही हकिकत आहे. आमची सॅपर्सची कंपनी, म्हणजे फौजेत रस्ते आणि पूल बांधणारी तुकडी. तिची एक प्लटून मांडव्याला पाठवण्यात आली. धक्क्याच्या वर टेकडीवरचा एक बंगला लष्कराने हॉस्पिटलसाठी घेतला होता. वायव्य सरहद्दीवर जखमी झालेले जवान मुंबईत ऑपरेशन झाल्यावर बोटीने येथे येत आणि हाड जुळेपर्यंत राहत. मी प्लटूनचा हवालदार क्लार्क. स्टोअर आणि फील्ड टेलिफोन माझ्याकडे होते.

माझे वडील पेणला शिंपीकाम करत. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. सुभेदार शिर्के मला नावाने हाक मारत नसत, "बी.ए." म्हणत. पण पाना कसा धरावा आणि माणसांना हुकूम कसा द्यावा, हे मला त्यांनीच शिकवले. ते ऋण मी मानतो.

अडचण रस्त्याची होती. धक्क्यापासून बंगल्यापर्यंत मुरूम आणि खडीचा चढाचा रस्ता होता. बैलगाड्यांनी त्यावर खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. पहिल्याच खेपेला लॉरीतून वर जाताना एका जवानाच्या मांडीचे जुळत आलेले हाड पुन्हा सरकले. त्याचे ओरडणे धक्क्यापर्यंत ऐकू आले.

डॉक्टर कॅप्टनसाहेब स्वतः खाली आले. "पुढची बोट सोमवारी. रस्ता असाच असेल तर मी ती परत पाठवीन. ही माणसे मुंबईला व्हरांड्यात पडून राहिलेली चालतील. इथे पुन्हा मोडलेली चालणार नाहीत."

"होऊन जाईल, साहेब," शिर्के म्हणाले.

मुंबईकडे ग्रेडर, म्हणजे रस्ता खरवडून सपाट करणारे मशीन, मागितले होते. पावसाळ्यानंतर पाहू, असे उत्तर आले होते. शिर्क्यांनी ग्रेडर स्वतः बनवायचे ठरवले. मुंबईच्या एका शेठजींनी आपल्या वाडीसाठी ट्रॅक्टर आणला होता. तो रेतीत रुतत असे, म्हणून पडवीत उभा होता. शिर्के तो मागून घेऊन आले. मोडीत काढलेल्या गलबताच्या दोन सागवानी तुळया आम्ही समांतर ठेवल्या आणि आडव्या पट्ट्यांनी जोडल्या. पुढच्या तुळईला खालून लॉरीच्या स्प्रिंगचे पाटे धार काढून बोल्ट केले. सगळा सांगाडा साखळीने ट्रॅक्टरमागे तिरका बांधला, म्हणजे कडेची खडी सरकत मधे येईल आणि पाणी दोन्ही बाजूंना उतरेल.

"काय बी.ए., पुस्तकात आहे का असले काही?"

"नाही, साहेब."

"मग बरोबर झाले असेल."

पहिली चाचणी फसली. सांगाडा हलका होता, खडीवरून नुसता उड्या मारत गेला. आम्ही वर रेतीची पोती ठेवली. आता तो उंचवटा खरवडू लागला, पण खड्डाही तितकाच खरवडू लागला.

लान्स नाईक कमळाकर म्हात्रे बाजूला उभा राहून पाहत होता. तो खाडीकाठच्या खारेपाटातला, भातशेती करणाऱ्या आगरी घरातला. त्यांच्याकडे लावणीआधी चिखल सपाट करताना बैलांमागे लाकडी फळी ओढतात आणि माणूस त्या फळीवर उभा राहतो.

"सुबेदारसाहेब, पोत्याला काय कलतं कुठं दाबायचं नि कुठं सोडायचं? मी उभा ऱ्हातो."

"पडशील."

"पाच वर्साचा व्हतो तवापासून फलीवं उभा हाय. न्हाय पडत."

पोती उतरवली. म्हात्रे अनवाणी सांगाड्यावर, त्याच्या भाषेत फळीवर, चढला. उंचवटा आला की तो पुढच्या तुळईवर भार देई, खड्डा आला की मागच्या तुळईवर सरके. खडी उंचवट्यावरून निघून खड्ड्यात जाऊन बसू लागली. मागून आमची माणसे पाणी मारत आणि दगडी रोलर ओढत येत. दोन फेऱ्यांत चाकोऱ्या दिसेनाशा झाल्या.

ट्रॅक्टर युसुफ चालवत असे. तो मुरूडचा, प्लटूनमधला एकमेव ड्रायव्हर. दोघांची दिवसभर जुंपलेली असे.

"म्हात्रे, लावणी कधी रे?"

"तू नीट हाक आदी. माजा बैल तुज्यापरीस शाना हाय."

"बैलाला पगार नाय मिळत."

"म्हनून तर शाना."

बंगल्याकडून सुरुवात करून आम्ही खाली येत होतो. रविवारी दुपारी धक्क्याजवळचे शेवटचे वळण तेवढे उरले. मी धक्क्यावर टेलिफोनपाशी होतो. ट्रॅक्टर माझ्यासमोरच होता.

वळणावर खडीखाली काळ्या कातळाचे एक टोक होते. ते वरून दिसत नव्हते. पाटा त्याला अडकला. चिखलात ढेकूळ अडले की फळीवरचा माणूस पुढे झुकून सगळा भार टाकतो. बैल आपण होऊन थबकतात, ढेकूळ फुटते आणि फळी पुढे सरकते. म्हात्रेने तेच केले. तो पुढच्या तुळईवर आला आणि साखळीच्या कडीपाशी ओणवा झाला. त्यामुळे पाटा कातळाखाली अधिकच रुतला.

ट्रॅक्टर थबकला नाही. त्याची पुढची चाके जमिनीपासून उचलली गेली.

"युसुफ, क्लच!" शिर्के ओरडले.

युसुफने क्लच दाबण्याआधी साखळी तुटली. पुढची चाके खाली आदळली. युसुफ जागेवरच राहिला. साखळीचे तुटके टोक उलटे आले आणि म्हात्रेच्या छातीवर बसले.

मी टेलिफोनचे हँडल फिरवले.

"हॅलो, हॉस्पिटल. जेटी बोलतोय. एक जखमी. लॉरी पाठवा."

"बोट उद्या आहे ना?"

"बोटीवरचा नाही. आपला माणूस आहे."

लॉरी आली. आम्ही स्ट्रेचर आत ठेवले. मी आणि शिर्के दोन्ही बाजूंना बसलो. म्हात्रेला श्वास घेणे जड जात होते. तो एकदाच बोलला.

"युसुफला लागलं?"

"नाही," शिर्के म्हणाले.

वळण सोडल्यावर बंगल्यापर्यंत स्ट्रेचरला कुठे धक्का बसला नाही. डॉक्टरसाहेबांनी तासभर प्रयत्न केले. छातीत आत रक्तस्राव झाला होता. चार वाजायच्या आत म्हात्रे गेला.

युसुफ पायरीवर बसून होता. शिर्के त्याच्यापाशी गेले. "वळण राहिले आहे. चालवशील?"

"चालवतो, साहेब."

आम्ही सुरुंगाच्या पहारींनी कातळाचे टोक फोडले, दुसरी साखळी लावली आणि फळीवर पोती ठेवली. अंधार पडेपर्यंत वळण पुरे झाले.

सकाळी म्हात्रेचे वडील होडीने आले. शिर्क्यांनी त्यांना घडले ते सगळे सांगितले. म्हातारा खाली पाहत ऐकत होता.

"बैल अडला की थांबतो," तो म्हणाला. "ह्ये तुमचं यंत्र थांबत न्हाय व्हय?"

"नाही, बाबा."

"मंग पोराला कसं कलनार?"

 आम्ही सहा जणांनी खांदा देऊन म्हात्रेला होडीत ठेवले. युसुफ पुढे होता. होडी सुटली तेव्हा शिर्क्यांनी सॅल्यूट केला आणि आम्हीही केला.

दुपारी बोट लागली. नऊ जखमी होते. लॉरीने तीन खेपा केल्या. डॉक्टरसाहेब वर दारात उभे राहून प्रत्येकाला विचारत होते, "वाटेत दुखले का?" एक गढवाली जवान झोपी गेला होता. त्याला उठवून सांगावे लागले की आपण पोचलो.

छावणीत पुढे एक स्मारकाचा दगड बसवला गेला. त्यावर सरहद्दीवर पडलेल्यांची नावे आहेत. म्हात्रेचे नाव तिथे नाही, कारण तो लढाईत पडला नाही. शिर्के आणि युसुफ हेही आता नाहीत. म्हणून मी येथे लिहून ठेवतो: लान्स नाईक कमळाकर म्हात्रे, सॅपर, खारेपाट.

आमची प्लटून मांडव्याला आणखी दोन वर्षे होती. प्रत्येक पावसाळ्यानंतर रस्ता पुन्हा सारखा करावा लागे. फळीवर कोणी उभे राहायचे नाही, असा शिर्क्यांचा हुकूम होता. चार माणसे ट्रॅक्टरबरोबर चालत. उंचवटा आला की युसुफ गाडी थांबवी आणि ते चौघे पोती उचलून पुढच्या तुळईवर ठेवत. खड्डा आला की पुन्हा गाडी थांबे आणि ते पोती मागे नेत. रस्ता चांगला होई. पण म्हात्रेने केला होता तसा पुन्हा झाला नाही.