घरात पाह्यते कोन?

टीव्ही दुरुस्तीला घेऊन आलेल्या माणसाला सकीनाभाभी आधी काय बिघडलंय ते विचारत नसत. ‘घरात पाह्यते कोन?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असे. माणूस गोंधळायचा. कुणी सांगायचं, पोरं पाहतात. कुणी म्हणायचं, म्हातारी. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे असं उत्तर आलं, की तो टीव्ही रांग मोडून पुढे यायचा. त्यावर एखादा कुरकुरलाच तर त्या मान वर न करता म्हणायच्या, “तुमचे पाय चालतात ना? बाजारात जा, मानसं पाहा.”

साखरखेर्ड्याला कृषी सहाय्यक म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा मी त्यांच्या दुकानासमोरच खोली घेतली होती. दुकान मूळचं त्यांच्या नवऱ्याचं, रशीदभाईंचं. बीटी कपाशीची सुरुवातीची वर्षं चांगली गेली तेव्हा आसपासच्या खेड्यांत घरोघर रंगीत टीव्ही आले, आणि ते कधी ना कधी रशीदभाईंच्या हाताखालून गेले. मग त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. त्यांची खाट दुकानातच टाकली होती. ते खाटेवरून सांगत आणि भाभी करत. आपसांत दोघं हिंदीत बोलत. तासन्‌तास तेच चालायचं. “अब क्या करूँ जी?” असं विचारल्याशिवाय भाभी एक तार तोडत नसत. रशीदभाई डोळे मिटून विचार करत, सावकाश सांगत, आणि त्या मान हलवत कामाला लागत.

बाईच्या हाती टीव्ही द्यायला लोक आधी कचरत. भाभी कुणाची समजूत काढत बसल्या नाहीत. “टीव्हीले कुठं समजते, हात बाईचा हाये का मानसाचा?” एवढंच म्हणायच्या.

मी गेलो तोवर कामाची तऱ्हाच बदलली होती. जुने टीव्ही धड होते, पण त्यांच्यावर दिसायचं काही राहिलं नव्हतं. लोक डिशचे नवीन डबे आणत, आणि त्यांच्या वायरी जुन्या टीव्हीला बसत नसत. मग भाभी जालन्याहून आणलेल्या लहान लहान डब्या मध्ये जोडून द्यायच्या. दिवसभर तेच. संध्याकाळी शटरपाशी पाय पसरून बसत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दमणूक स्पष्ट दिसायची. “साहेब, नव्याचं जुन्याशी जुळवून देता देता आपुनच खिळखिळे होऊन राह्यलो,” असं त्या एकदा म्हणाल्या. गुलाबी बोंडअळीचं सलग दुसरं वर्ष होतं, आणि गावोगाव तेच तेच सांगून माझाही घसा बसला होता.

त्याच हिवाळ्यात एका दुपारी जवळच्या खेड्यातल्या गयाबाई दुकानात आल्या. टीव्ही आणला नव्हता. भाभींनी नेहमीचा प्रश्न विचारला, तर बाई म्हणाल्या, “आमचे मालक पाह्यतात. पन मले त्याहीले टीव्हीत पोरगा दाखवाचा हाये.”

मी समोरच उभा होतो. ते घर मला ठाऊक होतं. त्यांचा मुलगा गजानन माझ्या बैठकीला येऊन गेलेला. पहिल्या वेचण्या झाल्या की कपाशी उपटून टाका, पाणी देऊन पुढे ठेवाल तर अळी त्यातच वाढेल, असं मी सांगितलं होतं. गजाननने ते मनावर घेतलं आणि बापाला म्हणाला, उपटू आणि हरभरा पेरू. नामदेवराव म्हणाले, हिरवं उभं पीक मी हातानं उपटणार नाही. शब्दाला शब्द वाढला. गजानन बायकोला घेऊन पुण्याकडे कंपनीत गेला. तिथंच त्याला मुलगी झाली. वर्ष होत आलं तरी बापलेकांचं बोलणं नव्हतं. गयाबाईंनी फोन पुढे केला की नामदेवराव उठून बाहेर जात. त्यांनी फोनवर बोलणार नाही अशी शपथच घेतली होती.

“फोनवर बोलनार नाही म्हनते,” गयाबाई म्हणाल्या. “टीव्हीवर बोलनार नाही, असं काही म्हटलं नाही त्याहीनं.”

भाभी हसल्या नाहीत. त्यांनी खाटेकडे पाहिलं. रशीदभाईंनी जरा वेळाने मान हलवली.

गजाननच्या सुट्टीच्या दिवशी भाभी माझ्या मोटारसायकलवर मागे बसून निघाल्या, मांडीवर डब्यांची पिशवी. खरं तर माझं तिथं जाणं मला बरं वाटत नव्हतं. घर फुटायला नामदेवराव मलाच कारणीभूत धरत असणार. ते ओसरीवर बसले होते. मला पाहून त्यांनी नुसतं पाणी द्यायला सांगितलं.

टीव्ही फार जुना. मागे फक्त अँटेनाचं भोक. फोनचं चित्र पकडणारी एक कांडी, तिला एक डबी, तिला आणखी एक डबी, अशी माळ भाभींनी लावली. फोन माझाच होता, त्यावरून गजाननला व्हिडिओ कॉल लावला होता. चित्र आलं, पण काळं-पांढरं, आणि खालून वर सरकत राहिलेलं. नामदेवराव आत येऊन बसले होते. “मानसं वाहून राह्यली याच्यात,” ते म्हणाले.

भाभींनी गयाबाईंच्या फोनवरून दुकानात रशीदभाईंना लावला. चित्र सरकतंय, रंग नाही, आता काय करू, असं विचारलं. पलीकडून जड जिभेचे शब्द यायला वेळ लागत होता. भाभी थांबून राहिल्या. डबीच्या कडेला बारीक खटका असेल, तो दुसरीकडे सरकव, असं ते म्हणाले. खटका सरकला, चित्र ठरलं, रंग आले. अँटेनाची पिन मात्र ढिली होती. हात काढला की पडद्यावर मुंग्या यायच्या. भाभी टीव्हीच्या मागे जमिनीवर बसल्या आणि पिन अंगठ्याने दाबून धरली.

टीव्हीत एक लहान मुलगी होती, झबलं घातलेली, मूठ चोखणारी.

“कोनाची पोरगी हे?” नामदेवरावांनी विचारलं.

“तुमची नात,” गयाबाई म्हणाल्या.

ते उठून जातील असं मला वाटलं. मुलीच्या मागून गजाननचा चेहरा पुढे आला. “बाबा,” एवढंच तो म्हणाला. फोन माझ्या हातात होता. नामदेवराव बघत होते टीव्हीकडे. त्यामुळे त्याला बापाची एकच बाजू दिसत असणार.

मग नामदेवराव टीव्हीला म्हणाले, “कपाशी उपटली म्या.”

“कधी?”

“झाला एक हप्ता. हरभरा पेरला. उशीर झाला, पन पेरला.”

गजाननने मान खाली घातली. नामदेवराव पुढे सरकले. “पोरगी बारीक दिसून राह्यली. गावाकडं घेऊन ये तिले.”

त्यानंतर ते खूप वेळ बोलले, पेरणीचं, म्हशीचं, अळीचं. भाभींनी पिन सोडली नाही. परतताना त्यांना मोटारसायकलवर नीट बसवत नव्हतं, मान अवघडली होती. वाटेत म्हणाल्या, “चहा झाला असता तर बरं झालं असतं. कोनाले आठवनच नाही राह्यली.” त्यात तक्रार नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात रशीदभाई गेले. चाळिसावा झाल्यावर भाभींनी शटर उघडलं, पण काम पुढे जाईना. एकेक टीव्ही उघडून त्या नुसत्या बसून राहत. शेवटी त्यांनी दुरुस्तीला आलेले टीव्ही ज्याचे त्याला परत केले, प्रत्येकाची माफी मागून. देऊळगाव राजाहून त्यांचा भाऊ न्यायला आला. तो सामान टेम्पोत भरत होता तेव्हा मी म्हणालो, भाभी, आता सांगायला ते नाहीत म्हणून अडत असेल, तर जालन्यात एखाद्या कारागिराशी ओळख करून देतो, फोनवर विचारत जा.

त्यांनी हातातली डब्यांची पिशवी टेम्पोत ठेवली.

“मले सगळं येते, साहेब,” त्या म्हणाल्या. “लई सालांपासून येते. तो खटकाबी ठाऊक होता मले. पन म्या इचारलं नसतं, तर त्याहीनं खाटेवर पडून दिवसभर करावं काय?”