पाणीपुरवठा मंत्री, मुक्काम देरा

मी आयुष्यात एकदाच मंत्री झालो. तोही पाणीपुरवठा खात्याचा, आणि तोही दुबईत, जिथं पाऊस पडला तर लोक गॅलरीत येऊन फोटो काढायचे.

नव्वदच्या दशकात मी दुबईच्या देरा भागातल्या एका लहानशा कंपनीत अकाउंट्स बघायचो. कंपनी परदेशी पाहुण्यांसाठी ट्रेनिंग कोर्स भरवायची. त्या वर्षी आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या देशांतले चौदा पत्रकार आले होते. सकाळी वर्ग आणि संध्याकाळी 'संस्कृतीची ओळख'. ती ओळख करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. म्हणजे मी त्यांना सोन्याचा बाजार दाखवायचो, मल्याळी हॉटेलात चहा पाजायचो आणि पठाण ड्रायव्हरच्या व्हॅनमधून परत आणायचो. अरबी संस्कृती तेवढी राहून गेली. पण माणसं मोठी मजेची. घानाचे एक वयस्कर गृहस्थ बांगडीचा भाव विचारता विचारता दुकानदाराच्या भावाभावांतली भांडणं काढून घ्यायचे. बांगडी कधीच घ्यायचे नाहीत. दुकानदार तरी त्यांना दारापर्यंत सोडायला यायचा.

माझं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. पुण्यात माझी मुलगी दहा महिन्यांची झाली होती आणि मी तिला फक्त फोटोत पाहिलं होतं. रजा साहेबांच्या हातात आणि पासपोर्ट साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. साहेब आपलेच, दादरचे, पण वीस वर्षं तिकडं मुरलेले. मी केबिनमध्ये शिरलो की चेहऱ्यावर अगदी माया.

"सर, माझ्या लीव्हचं..."

"अरे, फाइल प्रोसेसमध्ये आहे तुझी."

"पण कधीपर्यंत?"

"लवकरच. हा कोर्स खलास होऊ दे, मग बघू. इन्शाल्ला!"

एक कोर्स खलास व्हायचा आणि दुसरा सुरू व्हायचा. पुण्याचा असूनही मला उलट एक शब्द बोलता येत नव्हता, यावरून माझी अवस्था ओळखा. भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्याकडे ती मुक्कामालाच आली होती.

शेवटच्या आठवड्यात पत्रकार परिषदेचा सराव होता. मंत्र्याचं काम करायला ट्रेनरनं कुणा बड्या असामीला बोलावलं होतं, ती असामी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. ट्रेनर म्हणजे निवृत्त इंग्रज पत्रकार, अतिशय घायकुता. त्यानं ऑफिसभर नजर फिरवली आणि ती माझ्या पोटावर येऊन थांबली.

"तुम्हीच मंत्री," तो म्हणाला.

माझ्या पोटाचा असा जाहीर सन्मान पहिल्यांदाच होत होता. एका गावाला नळ देण्याचं वचन सरकारनं दिलंय आणि पाणी काही आलेलं नाही, एवढीच गोष्ट. मला सांगितलं, काही झालं तरी सरळ उत्तर द्यायचं नाही. पत्रकारांना सांगितलं, तारीख मिळाल्याशिवाय सोडायचं नाही. मी टाय घट्ट केला आणि व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर जाऊन बसलो. साहेबही गंमत बघायला पहिल्या रांगेत.

सगळं इंग्रजीत चाललं होतं.

"मंत्रीमहोदय, पाणी कधी येणार?"

"लवकरच."

"लवकरच म्हणजे?"

"फाइल प्रोसेसमध्ये आहे."

"कुठल्या टेबलावर?"

"माय फ्रेंड, आधी हे काम खलास होऊ दे, मग बघू. इन्शाल्ला!"

मला काही शोधावंच लागत नव्हतं! वर्षभर ऐकलेलं धडाधड तोंडातून बाहेर पडत होतं. चेहऱ्यावर मायासुद्धा जमली. मागं उभा असलेला आमचा सगळा स्टाफ तोंडात रुमाल कोंबून हसत होता. सर्वांत मोठ्यानं हसत होते साहेब. "एकदम मिनिस्टर!" म्हणून मांडीवर थाप मारत होते.

तेवढ्यात झांबियाच्या बाई उठल्या. निम्मं आयुष्य खऱ्या मंत्र्यांच्या मागं घालवलेल्या. त्यांनी चष्मा काढला आणि नापास मुलाकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं.

"ही उत्तरं तुमची नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ही कोण देतं?"

आता मंत्र्यानं इथं काहीतरी टोलवायला हवं होतं. पण बाईंनी असं काही विचारलं की माझं बोट आपोआप उठलं आणि साहेबांकडे गेलं.

चौदा माना वळल्या. कॅमेराही वळला.

"यांनी तुमच्याकडे काय मागितलं होतं?" बाईंनी साहेबांना विचारलं.

साहेबांना वाटलं, हाही सरावाचाच भाग. ते खुशीत म्हणाले, "लीव्ह."

"कशासाठी?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मुलीला बघायला. अजून पाहिलेलं नाही." माझा आवाज मंत्र्याचा राहिला नव्हता.

"आणि कधी देणार?"

"लवकरच," साहेब म्हणाले आणि जीभ चावली.

"तारीख?" घानाचे गृहस्थ म्हणाले.

"फाइल..."

"तारीख!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला. ट्रेनरला आनंद आवरेना. तो टेबलावर बुक्के मारत होता.

साहेबांनी घाम पुसला. कॅमेऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पुढच्या महिन्याचा पहिला गुरुवार," ते म्हणाले. "आणि इन्शाल्ला म्हणत नाही. पासपोर्ट उद्या घेऊन जा." मग ते माझ्याजवळ येऊन मराठीत पुटपुटले, "गाढवा, मुलीचं आधी सांगायचंस की रे." मी सतरा वेळा सांगितलं होतं, पण त्या क्षणी मला त्याचाही राग आला नाही.

संध्याकाळी मी फोनबूथ गाठला. बायकोला म्हणालो, "मी येतोय. पहिल्या गुरुवारी."

"म्हणजे इन्शाल्ला ना?"

"नाही. नक्की."

"कोण म्हणालं?"

"साहेब."

"कुणासमोर?"

"चौदा पत्रकारांसमोर."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "अहो, एक सांगते. अनोळखी पुरुष दिसला की हल्ली ती रडते. तुम्हाला बघूनही रडेल. वाईट वाटून घ्यायचं नाही."

बाहेर रांगेतला माणूस काचेवर नाणं वाजवत "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता आणि मी रिसीव्हर धरून हमसाहमशी रडत होतो.