शेण मागायला

आमच्या गावतलावात जलकुंभी इतकी माजली होती की पाणी शोधावं लागे. ती उपसून घरचा गॅस काढायचा, हे खूळ माझंच. परसात टाकी बांधली आणि पानठेल्यावर फुशारकी मारली, "तलावातला कचरा अन् शेतातलं तणीस, बस्स! कोनाच्या दारात जायची गरजच नाई." मी बोललो की थोडं जास्तच बोलतो.

टाकी बांधणाऱ्या मिस्त्रीने सांगितलं होतं, दह्याला विरजण लागतं तसं सुरुवातीला ताजं शेण घाला. मी कानाआड केलं. जलकुंभी बारीक कापून, भाताच्या तणसाचा पेंढा मिसळून टाकी भरली. महिना गेला तरी शेगडी पेटेना. लोक रोज विचारायचे, "पेटली का जी?"

शेण आणायचं कुठून? ट्रॅक्टर घेतल्यावर बैलजोडी मीच विकली होती, गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या काकीला. वर ऐकवलंही होतं, "ने काकी, आता बैल पोसणं म्हंजे फुकटची मगजमारी."

बायको म्हणाली, "मी नाई जात. तुमीच जा."

भर दुपारी घमेलं काखेत मारून निघालो. शेतकऱ्याच्या घरात शेण नाही, यापरती लाज कोणती? काकी गोठ्यातच होती. मी शेण मागितलं खरं, पण नजर भिंतीवर. तेवढ्यात डावीकडचा बैल दावं ताणत सरकला आणि माझं कोपर चाटू लागला.

"शेण मांगून राहिला अन् भिताडाकडे काऊन पाहून राहिला?" काकी म्हणाली. "अंगावरून हात तं फिरव त्याच्या."

माझ्याने हात उचलवेना. मान खाली घालून घमेलं भरलं. पुढेही बरेच दिवस भरत राहिलो. तिने एकदाही नाही म्हटलं नाही.

मग एका सकाळी शेगडी निळीशार पेटली. अर्धी गल्ली आमच्या स्वयंपाकघरात जमली. कोणीतरी विचारलं, "निस्त्या जलकुंभीवर जी?"

"हो," मी म्हणालो, "निस्त्या जलकुंभीवर."

काकी दारातच उभी होती. माझे कान तापले, स्वतःचीच किळस आली, तरी शब्द मागे घेण्याची हिंमत झाली नाही. बायकोने त्याच शेगडीवर चहा मांडला. पहिला कप आपलाच म्हणून मी हात पुढे केला. तिने तो माझ्या हातावरून नेऊन काकीला दिला.