एकतीस दिवसांचे अण्णा

अण्णांनी कधी कुणाला ‘कसं काय, बरं आहे ना’ असं विचारलेलं मला आठवत नाही. टपाल कार्यालयाच्या खिडकीशी गठ्ठे घेऊन उभं राहिलं की चष्मा कपाळावर सरकवून ते विचारायचे, ‘‘मागचा अंक कवाचा?’’ आपण तारीख सांगायची. मग ते बोटांच्या पेरांवर दिवस मोजायचे आणि एकतीसच्या आत आले तरच मान हलवायचे. दोन अंकांत एकतीस दिवसांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, हा टपालाचा नियम. सोलापुरात साप्ताहिकं-मासिकं काढणारे आम्ही जे काही हौशी लोक होतो, त्यांच्यात त्यांचं नाव ‘एकतीस अण्णा’ पडलं होतं. तोंडावर मात्र नुसतं अण्णा.

आमचं मासिक ‘चारापाणी’, शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांसाठी. लिहायचे माझे यजमान, जनावरांचे डॉक्टर. बाकी सगळं, म्हणजे छापखाना, पत्ते, टपाल आणि डॉक्टरांच्या अक्षराशी झटापट, माझ्या वाट्याला. मंगळवेढ्यापासून मैंदर्गीपर्यंत पाच-सहाशे घरांत अंक जायचा, आणि जायचा तो टपालाच्या सवलतीवर. वर्तमानपत्र म्हणून टपालखात्यात नोंद असली की अंक अगदी किरकोळ तिकिटात जातो. ती नोंद गेली असती तर साध्या दरानं पाठवणं आम्हाला झेपलं नसतं आणि वाढीव वर्गणी मेंढपाळाला झेपली नसती. सवलत गेली की मासिक बंद, इतकं ते सरळ होतं. ‘‘मेंढरांच्या मासिकात बातमी कुटं असती?’’ असं नोंदणीच्या वेळी अण्णांनीच विचारलं होतं. तेव्हापासून आठवडी बाजाराचे भाव आणि कुठल्या गावात कसली साथ आली, ते आमच्या पहिल्या पानावर आलं.

अण्णा मूळचे मैंदर्गीचे. बोलायचे मराठीत, पण मोजायचे कानडीत. ‘‘ओंदु, एरडु, मूरु...’’ मध्ये कुणी तोंड उघडलं की पुन्हा ओंदुपासून. एकदा शेवटच्या गठ्ठ्याला मी ‘‘झालं का हो?’’ म्हणाले आणि सगळे गठ्ठे पहिल्यापासून मोजले गेले. माझ्या मागे एक साप्ताहिकवाले उभे होते. ते नंतर वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

मोजून झालं की कुठल्याही गठ्ठ्यातला एक अंक ते ओढून काढायचे. अंकाला गुंडाळलेल्या कागदी पट्टीची दोन्ही टोकं उघडी हवीत, आत काय आहे ते बघता यायला हवं, हाही नियमच. नोंदणी क्रमांक, तारीख बघायचे, मग अंक उलटा धरून झटकायचे. इतक्या वर्षांत मी एकदाच आगाऊपणा केला आणि नेमका तोच अंक त्यांच्या हाती लागला. मंगळवेढ्याकडच्या एका मेंढपाळाच्या कळपात रोग शिरला होता. मी त्याच्या अंकाच्या समासात पेनानं लिहिलं होतं, ‘मेंढ्या आता कशा आहेत? कळवा.’

‘‘ताई, हे हातानं लिवलंय न्हवं?’’

‘‘एकच ओळ आहे हो, अण्णा.’’

‘‘एक ओळ बी पत्रच की. छापलेलं सवलतीत जातंय. लिवलेलं पत्राच्या तिकिटात.’’

मी तणतणत तिकीट आणून चिकटवलं, तर वर म्हणतात, ‘‘आन् मेंढरांचं काय कळलं तर मला बी सांगा.’’ राग इतका आला होता की हसायचंही सुचलं नाही.

मराठीत मासिक काढणाऱ्याला एक खोड असतेच. दिवाळी आली की ऑक्टोबर-नोव्हेंबर मिळून एक जाडजूड जोडअंक काढायचा. डॉक्टरांना त्या वर्षी असा अंक हवा होता, त्यांच्यापेक्षा जास्त मला. सप्टेंबरचा अंक टाकताना मी ऐटीत सांगितलं, ‘‘आता भेट एकदम दिवाळीला.’’

अण्णांची पेरं मोजून झाली. ‘‘हे जमणार न्हाय. दोन म्हैन्यांचा मिळून एक अंक, म्हंजे एक म्हैना अंकच न्हाय.’’

‘‘सगळे काढतात, अण्णा.’’

‘‘सगळ्यांचं काय सांगताय! नोंदीवर काट मारायला लागली तर ती मलाच मारायला लागंल की.’’

पंधरा दिवसांत डॉक्टरांना दवाखान्यात ठेवावं लागलं. यकृताचं दुखणं, बरंच पुढे गेलेलं. मी ठरवून टाकलं, ऑक्टोबर सोडायचा. तेवढं सांगायला म्हणून खिडकीशी गेले आणि कडाकडा भांडले. ‘‘माणूस दवाखान्यात पडलाय आणि तुम्ही दिवस मोजताय?’’ सगळी रांग ऐकत होती. अण्णांनी मला बोलून घेऊ दिलं. मग म्हणाले, ‘‘डॉक्टर घरी येतील आन् इचारतील, चारापाणी कुटं हाय? तवा काय सांगणार?’’ आणि आवाज उतरवून, ‘‘चार पानं काढा. पुरवणी म्हणून न्हवं, अंक म्हणून. नाव, तारीख, नंबर सगळं घाला. चार पानांचा बी अंकच असतोय, ताई.’’

घरी येईपर्यंत वाटभर मी त्यांच्या नावानं बोटं मोडली. पण दवाखान्यात ते सांगितलं, तर डॉक्टर उशीला टेकून बसले आणि म्हणाले, ‘‘कागद घे.’’ चार-पाच दुपारी ते सांगत गेले, मी लिहीत गेले. थंडीत कोकरांना कसं जपावं, गाभण मेंढीला काय घालावं. मध्येच दमायचे, डोळे मिटून पडायचे, मग ‘‘कुठं होतो आपण?’’ म्हणायचे. दहा ऑक्टोबरला ती चार पानं टपालात पडली. डॉक्टर दिवाळीपर्यंत राहिले नाहीत. तेच त्यांचं शेवटचं लिखाण. जोडअंकाचा माझा हट्ट चालला असता तर ते झालंच नसतं.

नंतर घरी जो तो एकच सांगायचा, ‘‘आता काही करू नका, मासिकाचं बघू पुढे.’’ मायेनंच सांगायचे आणि मलाही तेच हवं होतं. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा दारात उभे. आत आले, डॉक्टरांच्या फोटोला हात जोडले, खुर्चीच्या कडेवर बसले. जावेनं दिलेला चहा हातात तसाच धरला. मग म्हणाले, ‘‘ताई, मागच्या अंकाला चोवीस दिवस झाले.’’

जाऊ सरळ आत निघून गेली. ‘‘माणूस म्हणावं का काय ह्येला!’’ हे तिनं आतून, पण ऐकू येईल असं म्हटलं. मला तर त्यांना हात धरून बाहेर काढावंसं वाटलं.

‘‘लिहिणार कोण, अण्णा? लिहिणारा गेला.’’

‘‘मेंढरं कशी हायती, हे कुणी इचारलं हुतं? डॉक्टरांनी?’’ त्यांनी कप खाली ठेवला. ‘‘तुमीच न्हवं? तेच इचारा की सगळ्यांस्नी. पर छापून इचारा.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांच्या टेबलाशी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं असं काही लिहिलं. डॉक्टर गेल्याचं लिहिलं आणि खाली विचारलं, तुमचं कसं चाललंय? दहा नोव्हेंबरला आठ पानं घेऊन खिडकीशी गेले. अण्णांनी ओंदुपासून मोजलं आणि शिक्का मारला. त्या महिन्यात घरी इतकी पत्रं आली की पोस्टमन पिशवीच ठेवून गेला. डॉक्टरांची विद्या मला कुठली यायला? पण अंक निघत राहिला. माहिती मेंढपाळच पुरवू लागले आणि मी ती नीट मांडू लागले. आजही तसंच चाललं आहे.

निवृत्त होऊन अण्णा मैंदर्गीला गेले. नोकरीत असताना फुकटच्या अंकाला त्यांनी कधी हात लावला नाही. गेल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांची वर्गणीची मनीऑर्डर आली. घरी ना शेळी, ना मेंढी. तरी दर वर्षी न चुकता येत राहिली.

गेल्या महिन्यात त्यांचा अंक परत आला. पट्टीवर पोस्टमननं लिहिलं होतं, ‘घेणार मयत’. मला ती बातमी अशी कळली. तो अंक मांडीवर घेऊन मी रडले, डॉक्टरांच्या वेळी रडले नव्हते इतकं.

सध्या आमच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचे कागद चालले आहेत. सोबत वर्गणीदारांची यादी द्यावी लागते आणि ती खरी असावी लागते. अंक घेणारी, वाचणारी, हयात माणसं. पाच-सहाशे नावांत एक नाव तसंच राहिलं तर कुणाला कळणार होतं? दोन दिवस मी ते राहू दिलं. तिसऱ्या दिवशी पेन घेतलं आणि मैंदर्गीच्या नावांतलं ते एक नाव माझ्या हातानं खोडलं. अण्णांना तेच पटलं असतं. मला अजून पटत नाही.